टमाटरच्या बियांभोवतीचा रस आणि रक्ताची गुठळी

हार्ट अटॅकचा विषय निघाला की बोलणं कोलेस्टेरॉलवर येऊन थांबतं. धमनीत चरबीचा थर वर्षानुवर्षं साचतो हे खरंच आहे. पण अटॅक बहुतेक वेळा येतो तो त्या थराला चीर पडल्यावर. चिरेतून कोलॅजन (धमनीच्या भिंतीतलं तंतुमय प्रथिन) उघडं पडतं आणि रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी करणाऱ्या बारीक पेशी, त्याला चिकटतात. त्या एडीपी आणि थ्रोम्बोक्सेन ही रसायनं सोडून आणखी प्लेटलेट्स गोळा करतात, त्यावर फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाचं जाळं बसतं. काही मिनिटांत रक्ताची वाट बंद होते.

ही चिकटण्याची क्रिया खाण्यातून सौम्य करता येईल का, यावर आहारशास्त्रज्ञ असीम दत्तरॉय यांनी काम केलं. स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनच्या रोवेट संस्थेत त्यांनी टमाटरच्या अर्काचा प्लेटलेट्सवरचा परिणाम तपासला. ते निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. गुण निघाला तो टमाटरच्या लाल रंगात, म्हणजे लायकोपीनमध्ये नव्हे, तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगहीन घटकांमध्ये: अॅडिनोसिनसारखी न्यूक्लिओसाइड्स, क्लोरोजेनिक आम्लाची संयुगं, रुटिनसारखी फ्लॅव्होनॉइड्स. त्यांचं प्रमाण सर्वात जास्त असतं बियांभोवतीच्या पिवळसर, बुळबुळीत रसात. कोशिंबीर पाणचट होऊ नये म्हणून आपण नेमका तोच काढून टाकतो.

2006 मध्ये 90 निरोगी माणसांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन आणि सहा टमाटरांएवढा अर्क दिल्यावर तीन तासांत प्लेटलेट्सचं चिकटणं कमी झालेलं दिसलं. 2009 मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने या अर्काबाबतचा दावा ग्राह्य धरला, तोही मोजक्या शब्दांत: प्लेटलेट्सचं चिकटणं सामान्य राखायला मदत होते. अटॅक टळतो, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि हा फरक कुणी पुसू नये.

गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या अॅस्पिरिनशी तुलना करताना वेळेचा हिशेब बघावा. अॅस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडतं. ती प्लेटलेट सात ते दहा दिवसांनी मरेपर्यंत तशीच राहते. अर्काचा परिणाम 12 ते 18 तासांत ओसरतो. त्यामुळे तो सौम्य आहे, आणि म्हणूनच गोळीची जागा घेऊ शकत नाही.

घरी करायचं तर सोपं आहे. हे घटक उष्णतेत टिकतात, म्हणून सार, रस्सा, चटणी काहीही चालेल; फक्त बिया आणि रस फेकू नका, उकळलेलं पाणी ओतून देऊ नका. अर्क एकवटलेला असतो, तेव्हा दोन फोडींकडून चाचणीतल्या परिणामाची अपेक्षा धरू नये. किडनीच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

सावजी रश्श्यावरची बोटभर तर्री मात्र याने माफ होत नाही. जड तेलकट जेवणानंतर काही तास ‘घटक 7’ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची सक्रियता वाढते, आणि तो प्लेटलेट्सपेक्षा वेगळा मार्ग आहे. नागपूरच्या मे महिन्यात घामाने शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, तेव्हा दुपारच्या अशा जेवणाला आवर घालणं बरं.

वॉरफरिन किंवा असिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांचा मामला अजून वेगळा. ही औषधं रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा आणतात. 100 ग्रॅम कच्च्या पालकात ते सुमारे 480 मायक्रोग्रॅम असतं, टमाटरमध्ये जेमतेम 8. आठवडाभर पालेभाजी बंद आणि मग अचानक रोज पालक-मेथी, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) डगमगतो: आधी रक्तस्रावाचा धोका, नंतर गुठळीचा. पालेभाजी सोडायची गरज नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा आणि आहार बदलला तर आयएनआर लवकर तपासून घ्या.

स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला असेल तर दात काढायचा म्हणून अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट्स रोखणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, आणि दंतवैद्यांना गोळ्यांची यादी दाखवा.