कौटुंबिक खेळ (गोवा)

एकाच घरातल्या लहानमोठ्यांनी मिळून खेळायचे खेळ: पत्ते, कॅरम, सोंगट्या, सापशिडी, सागरगोटे, फुगड्या. गोव्यात त्यांचा खरा हंगाम म्हणजे भाद्रपदातली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. कामधंद्यासाठी पांगलेली भावंडे मुलाबाळांसह मूळ घरी जमतात. माटोळी (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवलेली चौकट) बांधून होते, आरत्या-भजन आटोपते आणि जेवणे झाली की वसरीवर चटई अंथरून पत्ते पिसले जातात. मे महिन्याच्या सुट्टीत लगोरी आणि विटीदांडू (गोव्यातला कोयंडो-बाल) अंगणात रंगतात.

या खेळांचे मोल कशात आहे? घरात एरवी कोणी कोणाचे ऐकायचे ते ठरलेले असते. डाव मांडला की सगळ्यांना नियम सारखाच. बदाम सातमध्ये ज्याच्या हाती बदामाची सत्ती, तो सुरुवात करतो, मग तो घरातला सगळ्यात धाकटा का असेना. पुढे त्याच रंगाची छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उतरायची. लावण्यासारखे पानच नसेल तर पास. काकांनी चौकटची छक्की दाबून ठेवली आहे हे सात वर्षांच्या पुतणीच्या लक्षात येते आणि ती त्यांना सर्वांदेखत तसे सुनावते. एरवी हा आगाऊपणा ठरला असता, डावात तो चालतो. अशा खेळांत नशिबाचा वाटा मोठा असल्यामुळे लहानालाही खरोखर जिंकता येते. बुद्धिबळात हे सहसा घडत नाही, म्हणून घरभर मिळून खेळायला पत्तेच बरे.

मोठ्यांनी मुद्दाम हरणे मात्र टाळावे, मुलांना ते लगेच कळते. अगदी लहानग्यासाठी ‘कच्च्या लिंबू’ची सोय आहेच. तो सगळ्यांबरोबर खेळतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. ही सवलत आधीच उघडपणे जाहीर केलेली असते, त्यात फसवणूक नाही.

सापशिडीचा मूळ पट म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. आकड्यांच्या पटाने मुलांचे गणित सुधारते, याला संशोधनाचा आधार आहे. रमणी आणि सीगलर या संशोधकांनी 2008 साली अमेरिकेतील गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1 ते 10 आकडे ओळीने मांडलेला पट मुले मोठ्या माणसाबरोबर दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी सुमारे पंधरा मिनिटे खेळली. त्यांची आकड्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकली. नुसत्या रंगांच्या घरांचा पट खेळलेल्या मुलांत हा फरक दिसला नाही. सोंगटी पुढे सरकवताना आकड्यांचा पट खेळणारी मुले पटावरच्या घरांतले आकडे मोठ्याने म्हणत होती. म्हणून सोंगटी पाचावर असताना दोन पडले, तर मुलाला ‘एक, दोन’ नव्हे, ‘सहा, सात’ म्हणायला लावावे.

फुगडी ही बायकांची. दोघींनी हातांची तिढी घालून एकमेकींचे हात घट्ट धरायचे, पायांचे चवडे जुळवायचे, मागे रेलायचे आणि गरगर फिरायचे. तोल राहतो तो समोरचीच्या वजनावर. एकीने हात सोडला तर दोघी पडतात. दमदार आत्या भाचीबरोबर फिरते तेव्हा तिला आपला जोर भाचीच्या बेताने आवरावा लागतो, आणि ते भाचीला हातांतून कळते.

घराबाहेर सगळ्या वयांना एकत्र आणणारा खेळ म्हणजे माशेल गावचा चिखलकालो. आषाढी एकादशीच्या भजनानंतर द्वादशीला देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात, चिखलात, अंगाला तेल लावून आंधळी कोशिंबीर, चेंडूफळी असे खेळ होतात. पोरे वडील-काकांबरोबर सारखीच माखतात.

पैसे लावले की खेळाचा जुगार होतो. सार्वजनिक जुगाराविरुद्ध गोव्यात 1976 चा कायदा आहे आणि त्याच राज्यात मांडवीच्या पात्रात परवान्याचे कॅसिनोही उभे आहेत. मुलांना खेळ आणि जुगार यांतला भेद सांगून समजत नाही, तो घरच्या वागण्यातून समजतो. म्हणून घरच्या डावात पैशांऐवजी चिंचोके किंवा काजूबिया ठेवाव्यात, आणि हा नियम मोठ्यांच्या डावालाही लागू असावा.

अलीकडे सामायिक मालकीची बरीच जुनी घरे वर्षभर बंद असतात आणि चवथीपुरती उघडतात. फ्लॅटच्या बैठकीच्या खोलीत पत्ते आणि कॅरम मावतात, फुगडीला मात्र जागा पुरत नाही. ती आता महिला मंडळांच्या स्पर्धांमध्ये रंगमंचावर जास्त दिसते. त्यामुळे ती टिकली, गाणी जपली गेली. पण तिथे तालमीत तयार झालेली, एका मापाची पथके उतरतात. आजी आणि नातीची जोडी त्यात बसत नाही, ती घरच्या गणपतीपुढेच जमते.