ब्राउझरमधून झिरपणारी माहिती : एका दुर्लक्षित त्रुटीप्रकाराची पार्श्वभूमी

ब्राउझरमधल्या एखाद्या त्रुटीमुळे हल्लेखोराला संगणकाचा ताबा मिळत असेल, तर तिची बातमी होते आणि दुरुस्तीही लवकर येते. दुसऱ्या एका प्रकारच्या त्रुटींच्या वाट्याला ही घाई क्वचितच आली. त्यांतून हल्लेखोराला एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं : अमुक फाइल या डिस्कवर आहे का, तमुक प्रोग्रॅम इथे बसवलेला आहे का, या माणसाने ते संकेतस्थळ आधी पाहिलंय का. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. काही चोरलं गेलं नाही, काही मोडलं नाही, म्हणून या त्रुटी यादीत तळाला ढकलल्या गेल्या. ही मोजपट्टीच चुकीची होती असं माझं ठाम मत आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास त्याला पुरेसा आधार देतो.

सुरुवात १९९५मध्ये होते. नेटस्केपने ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणली, म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम वाचकाच्या संगणकावर चालू लागला. पाठोपाठ एक नियम आला : एका संकेतस्थळाच्या कोडने दुसऱ्या संकेतस्थळाचा मजकूर वाचायचा नाही. ब्राउझरची सुरक्षा आजही मुख्यतः या नियमावर उभी आहे. मात्र नियम होता वाचण्यापुरता. दुसरीकडचं चित्र आपल्या पानात मागवता येत होतं. ते आलं की नाही, केवढं आलं आणि यायला किती वेळ लागला हे कोडला दिसत होतं. २०००मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी दाखवून दिलं की तेवढंच पुरतं. चित्र झटकन आलं तर ते ब्राउझरच्या साठ्यात आधीपासून आहे, म्हणजे या माणसाने ते पान पूर्वी उघडलेलं आहे.

याच काळात त्याहून सोपी एक वाट लोकांच्या लक्षात आली होती. पाहिलेल्या दुव्याचा रंग बदलतो, ही सोय वेबच्या अगदी सुरुवातीपासूनची. पण पानावरचा कोड दुव्याचा रंग विचारू शकत होता. मग हजारो पत्त्यांचे दुवे पानात लपवायचे, प्रत्येकाचा रंग तपासायचा, आणि जांभळे निघतील ते टिपून घ्यायचे. बँक कोणती, आजार कोणता, राजकीय कल कुठला, सगळं काही सेकंदांत कळायचं आणि वाचकाला पत्ताही लागायचा नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाकडे याची नोंद २००२ पर्यंत झालेली होती. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या प्रमाण दस्तऐवजातही इशारा छापलेला होता की या सोयीचा असा गैरवापर शक्य आहे. तरी दुरुस्ती लांबत गेली. कारण बिघाड कुठल्या एका ओळीत नव्हता. सगळं अगदी ठरल्याप्रमाणेच चालत होतं, आणि बदल केला तर चांगली चालणारी पानं मोडतील ही भीती खरी होती.

ही उणीव कागदापुरती राहिली नाही. २०१०मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या ५०,००० संकेतस्थळांची तपासणी केली, तेव्हा ४६ संकेतस्थळं वाचकांचा इतिहास अशा रीतीने चाचपत असल्याचं आढळलं. एका जाहिरात कंपनीने हीच युक्ती वापरून वंध्यत्व, कर्जबाजारीपणा अशा विषयांची पानं कोण पाहतं हे ताडलं होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली आणि २०१२च्या डिसेंबरात ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

दुरुस्ती सुचवली मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी, २०१०मध्ये. ती धाडसी होती : दुवा पाहिलेला असला तरी कोडने विचारल्यावर ब्राउझरने खोटं सांगायचं, ‘पाहिलेला नाही’. शिवाय पाहिलेल्या दुव्याला फक्त रंगच वेगळा देता येईल, आकार किंवा जागा बदलता येणार नाही. २०११च्या फायरफॉक्स ४मध्ये ती लोकांपर्यंत पोहोचली, इतर ब्राउझरांनीही तीच पद्धत घेतली. तरीही पान पडद्यावर रंगवायला लागणारा वेळ मोजून तेच उत्तर मिळवण्याच्या युक्त्या निघत राहिल्या. मुळावर घाव पडायला २०२५ उजाडलं : क्रोम १३६पासून दुवा जिथून उघडला त्याच संकेतस्थळावर तो पाहिलेला दिसतो, बाकीकडे नाही.

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची गोष्ट अधिक काळजीची आहे, कारण तिथे प्रश्न थेट डिस्कबद्दल विचारला जात होता. एक्सएमएल, म्हणजे माहिती मांडण्याच्या एका प्रमाण स्वरूपातल्या फाइली, वाचणारा एक घटक त्यात होता. त्याला स्थानिक फाइलचा पत्ता दिला की तो नकारच द्यायचा, पण फाइल असताना नकाराचा क्रमांक वेगळा आणि नसताना वेगळा. एवढ्या फरकावरून संगणकावर काय बसवलेलं आहे याची यादी करता येत होती. २०१३मध्ये हे जाहीर झालं. २०१४च्या फेब्रुवारीत अमेरिकी माजी सैनिकांच्या एका संघटनेचं संकेतस्थळ फोडून तिथे येणाऱ्यांवर हल्ला झाला. त्या हल्ल्याचा कोड आधी हीच चौकशी करायचा : मायक्रोसॉफ्टचं ईमेट नावाचं संरक्षक साधन इथे आहे का? असलं तर तो गुपचूप थांबायचा. दुरुस्ती आली २०१४च्या सप्टेंबरात.

दोन वर्षांनी याचंच पुढचं रूप समोर आलं. ॲडगोलास नावाने ओळखली जाणारी टोळी जाहिरातींच्या जाळ्यातून घातक कोड पसरवत होती. कुठल्या प्रकारची फाइल उघडण्यासाठी या संगणकावर प्रोग्रॅम नेमलेला आहे, हे तिला ब्राउझरमधल्या एका त्रुटीतून कळत होतं. पायथन या भाषेतल्या प्रोग्रॅमच्या किंवा नेटवर्कवरची वाहतूक टिपून ठेवणाऱ्या फाइलींची सोय दिसली, की समोर सुरक्षा संशोधक असण्याची शक्यता. तिथे हल्ला करायचाच नाही. सामान्य माणसाचा संगणक वाटला तरच पुढे जायचं. मायक्रोसॉफ्टने २०१६च्या सप्टेंबरात ही त्रुटी बुजवली. ‘किरकोळ’ हा शिक्का किती महागात पडला ते इथे स्पष्ट दिसतं. या गळतीमुळे मोठे हल्ले, ते पकडू शकणाऱ्या लोकांच्याच नजरेआड राहिले. जी त्रुटी स्वतः काही चोरत नाही, ती चोराला पहारेकरी ओळखून देत होती.

अर्थात काही गळत्या उघड चोरीच्याही होत्या. २०१५च्या ऑगस्टमध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ दर्शकातली एक त्रुटी वापरून रशियातल्या एका बातम्यांच्या संकेतस्थळावरची जाहिरात वाचकांच्या डिस्कवरच्या फाइली उचलत होती. लिनक्सवर पासवर्डांच्या आणि एसएसएच किल्ल्यांच्या (दूरच्या संगणकात शिरण्यासाठीच्या) फाइली, विंडोजवर एफटीपी प्रोग्रॅमच्या, म्हणजे सर्व्हरशी फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगच्या फाइली. तिच्यावरची दुरुस्ती मात्र लगेच आली.

तोवर आणखी एक गोष्ट लक्षात आली होती : कुठलीच त्रुटी नसतानाही ब्राउझर बरंच काही सांगून टाकतो. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, वेळेचा पट्टा, प्लगिनांची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमांची, यादी. यातलं एकेक लाखोंकडे सारखं असतं, पण एकत्र केलं की माणूस वेगळा काढता येतो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी २०१०मध्ये सुमारे ४,७०,००० ब्राउझर तपासले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. फ्लॅश किंवा जावा ही प्लगिनं असलेल्यांत हे प्रमाण ९४.२ टक्के होतं. पुढे कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढण्याच्या जागेवर, अदृश्य मजकूर काढून ग्राफिक्स व्यवस्थेतले बारीक फरक टिपण्याची रीत आली. २०१४च्या एका पाहणीत ती पहिल्या एक लाख संकेतस्थळांपैकी ५.५ टक्क्यांवर सापडली. बॅटरी किती उरली हे सांगणारी सोयसुद्धा माग काढायला उपयोगी पडू शकते असं २०१५मध्ये दाखवलं गेलं, आणि फायरफॉक्सने २०१७मध्ये ती संकेतस्थळांसाठी बंद केली. दिलेली सोय परत घेणं ब्राउझरच्या जगात विरळाच, म्हणून हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो.

२०१८च्या जानेवारीत स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली आणि दृष्टिकोन बदलणं भागच पडलं. प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवून ठेवतो. त्याच्या खुणा वेळ मोजून वाचता येतात, आणि जावास्क्रिप्टमधूनही हे जमतं. ब्राउझरांनी आपलं घड्याळ मुद्दाम भोंगळ केलं, काही सोयी तात्पुरत्या काढल्या. खरा उपाय होता प्रत्येक संकेतस्थळ संगणकावर वेगळ्या प्रक्रियेत (प्रोसेसमध्ये) चालवण्याचा. क्रोमने तो त्याच वर्षी डेस्कटॉपवर लागू केला, फायरफॉक्सने २०२१मध्ये. यासाठी स्मृती जास्त लागते, तरी ती किंमत मोजली गेली.

सध्याची चर्चा संगणकाच्या आतल्या दारांबद्दल आहे. पानावरचा कोड वाचकाच्या स्वतःच्या संगणकावरच्या पोर्टांना, म्हणजे प्रोग्रॅम संपर्कासाठी वापरतात त्या क्रमांकित दारांना, हाक मारू शकतो आणि प्रतिसादावरून काय चालू आहे ते ताडू शकतो. २०२०मध्ये ईबेचं संकेतस्थळ दूरनियंत्रणाचे प्रोग्रॅम शोधण्यासाठी अशी तपासणी करत असल्याचं उघड झालं. उद्देश फसवणूक रोखण्याचा होता, पण वाचकाला विचारलेलं नव्हतं. २०२५च्या जूनमध्ये संशोधकांनी दाखवलं की अँड्रॉइडवर मेटा (फेसबुकची कंपनी) आणि यांडेक्स (रशियन इंटरनेट कंपनी) यांची ॲप्स अशाच पोर्टांवर कान लावून होती, आणि पानांमधल्या त्यांच्याच कोडकडून ब्राउझिंगची माहिती घेत होती. ती थेट ॲपमधल्या खात्याशी जोडली जात होती, त्यामुळे कुकीज पुसून किंवा खासगी खिडकी उघडून सुटका नव्हती. मेटाने हे जाहीर झाल्यावर ते थांबवलं.

स्थानिक संगणकाकडे जाणारी ही वाट नवी नाही. शून्य-शून्य-शून्य-शून्य (०.०.०.०) या पत्त्यावरून मॅक आणि लिनक्सवर तिथे पोहोचता येत होतं, आणि त्याबद्दलची पहिली तक्रार मोझिलाकडे २००६मध्ये नोंदली गेली होती. २०२५च्या अखेरीस, क्रोम १४२पासून, एखाद्या संकेतस्थळाला वाचकाच्या संगणकाशी किंवा त्याच्या घरच्या नेटवर्कशी बोलायचं असेल, तर ब्राउझर आधी वाचकाची परवानगी विचारतो.