स्त्रीबीजदान

एका स्त्रीच्या बीजकोशातून काढलेले बीज दुसरीला मूल व्हावे म्हणून देणे, याला स्त्रीबीजदान म्हणतात. दवाखान्यात रूढ शब्द ‘डोनर एग’. या बीजाचा संयोग बहुधा घेणाऱ्या स्त्रीच्या पतीच्या शुक्राणूशी प्रयोगशाळेत घडवतात आणि तयार झालेला गर्भ तिच्या गर्भाशयात सोडतात. पोटात वाढवणारी, बाळंत होणारी आणि अंगावर पाजणारी तीच असते. आईकडून मिळणारा आनुवंशिक वारसा मात्र दात्रीचा.

चाळिशीच्या आत पाळी कायमची थांबणे, टर्नर सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष, कर्करोगाच्या उपचारांनी बीजकोश निकामी होणे, आईकडून मुलाकडे जाऊ शकणारा गंभीर आजार, ही त्याची वैद्यकीय कारणे. उशिरा मूल हवे असणाऱ्या आणि स्वतःच्या बीजावर केलेले आयव्हीएफ, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याचा उपचार, वारंवार फसलेल्या स्त्रियाही या मार्गाकडे वळतात. वय वाढते तशी बीजे घटतात आणि त्यांच्यातले गुणसूत्रांचे दोष वाढतात; गर्भाशय त्यामानाने पुष्कळ काळ तग धरते. म्हणून या उपचारात यशाची शक्यता मुख्यतः दात्रीच्या वयावर ठरते. तरीही घेणारीचे वय निरर्थक नाही. दुसरीच्या बीजावर राहिलेल्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा अधिक असतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील गटाने १९८३ मध्ये अशा गर्भधारणेची पहिली नोंद केली. ती टिकली नाही. त्याच गटाच्या उपचारांतून झालेल्या पहिल्या यशस्वी जन्माचा अहवाल १९८४ मध्ये आला. भारतात हे काम मुंबईत उभे राहिले. केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बेबीमुळे नाव झालेल्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीच दान केलेल्या बीजापासूनचे देशातले पहिले मूल २४ जानेवारी १९९१ रोजी जन्माला आणले.

जाहिरातीत बाळ आणि आई दिसतात, दात्री दिसत नाही. शरीराला सोसावे लागते ते तिलाही. एरवी महिन्याला एक बीज पिकते. एका वेळी अनेक पिकावीत म्हणून तिला साधारण दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देतात आणि सोनोग्राफी करून वाढ पाहतात. शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून सुई घालून बीजे शोषून घेतात. पोट फुगणे, दुखणे हे नेहमीचे. बीजकोश अतिउत्तेजित झाले तर पोटात पाणी साठते, रक्तात गुठळ्या होऊ शकतात आणि क्वचित जिवावर बेतते. घेणारीला त्या काळात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन देऊन गर्भाशयाचे अस्तर तयार करतात. अतिवेगाने बीज गोठवण्याचे तंत्र आल्यापासून दोघींच्या पाळीचा मेळ घालण्याची गरज उरलेली नाही.

भारतात २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार दात्री पुरवणे आणि तिच्या तपासण्या करणे हे नोंदणीकृत बीजबँकेचे काम. दात्रीचे वय २३ ते ३५ हवे. तिने आयुष्यात एकदाच दान करायचे आणि सातपेक्षा जास्त बीजे काढायची नाहीत. तिची बीजे एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाहीत. उपचार घेणाऱ्यांनी तिचा १२ महिन्यांचा विमा काढायचा असतो. बीजांची विक्री हा गुन्हा आहे. सातच्या मर्यादेवर डॉक्टरांचा आक्षेप असा की औषधे दिल्यावर बीजे अनेकदा त्याहून जास्त येतात आणि इतक्या कमी बीजांत प्रत्येक जोडप्याला गर्भ मिळेलच असे नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण गरजेपोटी पुन्हा पुन्हा इंजेक्शने घेणाऱ्या बाईला थांबवणारी दुसरी सोपी तरतूद दिसत नाही.

मूल कायद्याने उपचार घेणाऱ्या जोडप्याचेच. दात्रीला पालकत्वाचा हक्क नाही. हा प्रश्न ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे कौटुंबिक भांडणातून आला. हा कायदा येण्याआधी सरोगसीने, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढून, झालेल्या जुळ्या मुलींसाठी पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीज दिले होते. पुढे पती मुलींना घेऊन वेगळा झाला आणि खरी आई मेहुणी आहे, पत्नीचा मुलींवर हक्क नाही, असे म्हणू लागला. न्यायालयाने ते फेटाळले: बीज देणारी फार तर आनुवंशिक माता ठरू शकते, कायदेशीर माता नव्हे. पत्नीला मुलींना भेटण्याची मुभा मिळाली. सरोगसीत दुसरीचे बीज वापरण्यावर केंद्राने मार्च २०२३ मध्ये बंदी घातली होती; फेब्रुवारी २०२४ मध्ये जिल्हा वैद्यकीय मंडळाने वैद्यकीय गरज प्रमाणित केल्यास जोडप्यांना ती सवलत परत मिळाली. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना सरोगसीसाठी स्वतःचेच बीज वापरावे लागते.

इतर देशांत वाटा निराळ्या आहेत. जर्मनीने १९९० च्या कायद्याने हे दान रोखले. इटलीत २००४ ची बंदी घटनात्मक न्यायालयाने २०१४ मध्ये उठवली. स्पेनमध्ये दात्री निनावी राहते. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंदवलेल्या दात्रीची ओळख मूल १८ वर्षांचे झाल्यावर मागू शकते.

भारतात दान निनावी असते आणि घरातही ते बहुधा झाकूनच ठेवतात. दात्रीचा रक्तगट, वर्ण, चेहरेपट्टी जुळवून मागण्यामागे वैद्यकीय कारणापेक्षा ‘बाळ कुणावर गेलंय?’ या प्रश्नाची धास्ती जास्त असते. मोठेपणी डॉक्टर आजोळच्या मधुमेहाची, स्तनाच्या कर्करोगाची चौकशी करतात, तेव्हा सत्य ठाऊक नसलेले मूल नकळत चुकीचे उत्तर देते. रुग्णालयाने आणि बँकेने नोंदी दहा वर्षे सांभाळायच्या आणि नंतर राष्ट्रीय नोंदवहीकडे द्यायच्या, असे कायदा सांगतो. मुलाला सांगायचे की नाही, हे आईबापांवर सोडलेले आहे.