साइटमॅपमधली तारीख येते कुठून?

स्टॅटिक साइट जनरेटरमध्ये, म्हणजे साध्या फाइलींतून वेबसाइटची पानं आधीच तयार करून ठेवणाऱ्या साधनात, साइटमॅप (साइटवरच्या पानांची सर्च इंजिनसाठीची यादी असलेली फाइल) आपल्याला हवा तसा करून घ्यायचा म्हटलं की बरेच जण आधी ‘प्रायॉरिटी’च्या, म्हणजे कोणतं पान किती महत्त्वाचं ते सांगणाऱ्या आकड्यांना हात घालतात. माझ्या मते लक्ष द्यायचं ते ‘लास्टमॉड’कडे, म्हणजे पान शेवटचं कधी बदललं त्या तारखेकडे. याचं कारण या फाइलच्या इतिहासातच आहे.

गूगलने साइटमॅप आणला जून 2005 मध्ये. त्याआधी क्रॉलरची, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं शोधत फिरणाऱ्या प्रोग्रामची, भिस्त मुख्यतः लिंकांवर असे. ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही, ते पान त्याला सहसा सापडायचं नाही. नोव्हेंबर 2006 मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही हा आराखडा मान्य केला आणि 0.90 ही आवृत्ती सगळ्यांची झाली. आजही तीच चालते. तिच्यात पानाचा पत्ता तेवढा सक्तीचा. बदलाची तारीख, ‘चेंजफ्रीक’ म्हणजे पान किती वेळाने बदलतं ते, आणि 0.0 ते 1.0 मधली प्रायॉरिटी, हे तिन्ही ऐच्छिक. प्रायॉरिटी मुळात आपल्याच साइटवरच्या पानांची आपसातली तुलना. सगळ्या पानांना 1.0 दिलं की तिला काही अर्थच उरत नाही. गूगलने पुढे स्पष्टच सांगितलं की चेंजफ्रीक आणि प्रायॉरिटी ते बघतच नाहीत. लास्टमॉड बघतात, पण ती तारीख सातत्याने खरी निघत असेल तरच.

टॉम प्रेस्टन-वर्नर यांचा जेकिल हा स्टॅटिक साइट जनरेटर 2008 मध्ये आला, तेव्हा साइटमॅप ज्याचा त्याने करायचा होता. गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर हवा तो प्लगइन (वरून जोडायचा प्रोग्राम) चालत नसे, म्हणून लोक लिक्विड या जेकिलच्या टेम्प्लेट-भाषेत सगळ्या पानांवर फिरणारा लूप लिहून ती फाइल स्वतः बनवत. जेकिल-साइटमॅप हा प्लगइन नंतरचा. एखादं पान वगळायचं तर त्याच्या फ्रंट मॅटरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीला लिहिलेल्या माहितीत, एक ओळ पुरते. 2013 मध्ये आलेल्या ह्यूगो या दुसऱ्या जनरेटरमध्ये साइटमॅपचं टेम्प्लेट (साचा) आतच असतं, आणि लेआउट्स फोल्डरमध्ये आपलं टेम्प्लेट ठेवलं की ते आधी धरलं जातं.

खरी अडचण तारखेची. इथे डेटाबेस नाही, मग ‘शेवटचा बदल’ कोण सांगणार? फाइलवरची वेळ कामाची नाही, कारण गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, वापरून साइटची प्रत उतरवली (क्लोन केली) की सगळ्या फाइलींवर क्लोनचीच वेळ पडते. उरतात दोन वाटा: फ्रंट मॅटरमध्ये हाताने तारीख लिहायची, किंवा गिटच्या कमिटवरून, म्हणजे त्यातल्या बदलाच्या नोंदीवरून, घ्यायची. ह्यूगोमध्ये ‘एनेबलगिटइन्फो’ हे सेटिंग चालू केलं की ती कमिटवरून येते.

ते चालू करूनही एकदा माझ्या साइटमॅपमध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच तारीख होती, अगदी सेकंदापर्यंत तीच. माझ्या मशीनवर सगळं बरोबर. चूक फक्त सर्व्हरवर साइट तयार होते त्या बिल्डमध्ये. तिथे वेळ वाचवायला शेवटचा एकच कमिट उतरवला जात होता, त्यामुळे प्रत्येक पान त्याच कमिटमध्ये बदललं असं ह्यूगोला दिसत होतं. किती कमिट उतरवायचे ते ठरवणारं ‘फेच-डेप्थ’ हे सेटिंग 0 केल्यावर पूर्ण इतिहास उतरला आणि प्रत्येक पानाला आपापली तारीख मिळाली.