बाराच्या ठोक्याला सावली कुठे असते?

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे वाक्य शाळेतल्या बहुतेक मुलांना पाठ असते. पुण्यात मात्र ते खोटे ठरते. ते खोटे आहे असे सांगून टाकले तर पाच मिनिटांत तासिका पुढे सरकते. त्याऐवजी मुलांना मैदानावर काठी रोवायला लावली, तर तोच प्रश्न महिनाभर पुरतो.

एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करून सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपायची, एवढेच काम. पहिली अडचण लगेच येते. सावली सर्वांत आखूड असते तेव्हाच तिची लांबी सर्वांत संथ बदलते, त्यामुळे नेमका क्षण पट्टीने पकडता येत नाही. यावर आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्गणितातला उपाय आहे: काठीभोवती वर्तुळ काढावे, सावलीचे टोक त्याला सकाळी आणि दुपारी कधी टेकते ते पाहावे आणि दोन्ही वेळांचा मध्य काढावा. २१ डिसेंबरच्या सुमारास १२० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला सावली पुण्यात साधारण १०.४० आणि २.२६ वाजता टेकते; मध्य येतो १२.३३. मुले आधी काठीला दोष देतात, मग घड्याळाला. या वेळी शिक्षकाने उत्तर न सांगता थांबणे, हाच या पद्धतीचा सर्वांत अवघड भाग असावा.

इथून भूगोल आपोआप येतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे, पुणे जवळपास ७३.९ अंशांवर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. हा फरक सुमारे ३५ मिनिटांचा होतो. नागपूरच्या शाळेत तो केवळ १४ मिनिटांचा असतो, हे तिथल्या मुलांना फोन करून पडताळता येते. पुढचा प्रश्न इतिहासाचा: प्रमाणवेळ नव्हती तेव्हा लोक काय करत? मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे, आणि १९०६ साली प्रमाणवेळ आल्यानंतरही ती शहरात १९५५ पर्यंत टिकली. ऐंशी ओलांडलेल्या मुंबईकर आजी-आजोबांना त्याविषयी काय विचारायचे, हे ठरवणे आणि त्यांचे बोलणे लिहून काढणे हा भाषेचा उत्तम अभ्यास होतो.

याचा अर्थ मुलांना मोकाट सोडावे असा नाही. वर्तुळाची युक्ती सुचवणारे कोणी नसेल तर वर्ग पट्टीशी झगडून कंटाळतो. मार्गदर्शनाविना शोध फारसा फळत नाही, असाच शिक्षणविषयक संशोधनाचा कल आहे. असे शिकलेल्या मुलांची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्नही उरतोच. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने तो धीटपणे सोडवला होता: परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती आणि प्रयोगही करून दाखवावा लागे.

फेब्रुवारीच्या मध्यावर हाच प्रयोग पुन्हा केला तर उत्तर १२.३३ येत नाही, १२.४९ येते. रेखावृत्त तर तेच असते; डिसेंबरातही फरक ३५ ऐवजी ३३ मिनिटेच आला होता. मग पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला आस यांच्याकडे वळावे लागते.