ओव्हरटाइम नियम (वेतन सॉफ्टवेअर)

हजेरी यंत्रातल्या वेळांवरून जादा तास कसे धरायचे आणि त्यांचा दर कसा काढायचा, हे पगाराच्या सॉफ्टवेअरला ठरवून देणारी मांडणी. कारखान्यांत तिला ‘ओटी सेटिंग’ म्हणतात. ती एकदा बसवली की महिनोन्‌महिने कोणी उघडून पाहत नाही. म्हणूनच तिच्यातली लहानशी चूकही दर पगाराला कामगाराच्या खिशातून जात राहते.

भारतात या मांडणीचा पाया कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 59 ने घातला. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम झाले, तर जादा तासांना सर्वसाधारण दराच्या दुप्पट मोबदला. कामगारांच्या बोलण्यातला ‘डबल’ तो हाच. इथे दिवसाची मर्यादा घातली जाते आणि आठवड्याची राहून जाते, असे होऊ शकते. सहा दिवस रोज नऊ तास भरले, तर दिवसाच्या हिशेबाने ओटी शून्य. आठवड्याचे मात्र 54 तास होतात, म्हणजे सहा तास डबलचे. दोन्ही आकडे काढून मोठा तो धरावा. पुढे नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या, कामाच्या परिस्थितीविषयीच्या 2020 च्या संहितेने दिवस आठ तासांचा केला, दुप्पट दर कायम ठेवला आणि दिवस व आठवडा यांपैकी कामगाराला फायद्याचा हिशेब धरावा, असे स्पष्टच लिहिले. त्यामुळे प्रत्येक मर्यादेसोबत ती लागू होण्याची तारीख नोंदवणे गरजेचे आहे, नाहीतर जुन्या महिन्याची थकबाकी नव्या नियमाने निघते.

सर्वांत जास्त पैसा भाजकात अडकलेला असतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 20,800 रुपये असतील, तर 26 दिवस आणि आठ तासांनी भागून तासाचे 100 रुपये येतात, डबलने 200. त्याच ठिकाणी 30 ने भागले की डबलचा दर 173 रुपये 33 पैशांवर येतो. महिन्याला 40 तास ओटी करणाऱ्याचे यात हजाराहून अधिक रुपये जातात. साप्ताहिक सुट्ट्या वगळून धरलेले 26 दिवस हाच योग्य भाजक. महाराष्ट्रात किमान वेतनाचा रोजचा दरही 26 ने भागूनच काढतात. दरात कोणते भत्ते धरायचे, यावरही वाद होतात. 1948 च्या कायद्याने बोनस आणि खुद्द ओव्हरटाइमची रक्कम वगळली होती. नुसत्या बेसिकवर दुप्पट देण्याला त्यात आधार सापडत नाही.

रात्रपाळी ही दुसरी अवघड जागा. संध्याकाळी सातला आलेला कामगार सकाळी सातला सुटला, तर काम बारा तासांचे. सॉफ्टवेअरने मध्यरात्री तारीख बदलली की त्याचे पाच आणि सात असे तुकडे पडतात आणि पुढच्या रात्री तो आला नाही, तर नऊ तासांच्या मर्यादेने होणारी तीन तासांची ओटी दिसतच नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम 57 प्रमाणे मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायचे असत. तेव्हा दिवसाची हद्द पाळीप्रमाणे बसवावी.

पूर्णांकन, म्हणजे सुटी मिनिटे ठरावीक टप्प्यावर आणणे, हेही तपासावे. 29 मिनिटे जादा थांबले तर शून्य आणि दोन मिनिटे उशीर झाला तर अर्धा तास कपात, ही मांडणी अन्यायाची आहे. मिनिटांवर हिशेब करणे आज कोणत्याही संगणकाला जड नाही.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत जादा तासांसाठी ‘प्रॉडक्शन’ प्रकारची वेगळी हजेरी-नोंद आणि तिच्याशी जोडलेले वेगळे पे हेड (पगारातली बाब) करतात. ते वेगळे ठेवायचे कारण कपातीत आहे. भविष्य निर्वाह निधीच्या 1952 च्या कायद्यात आणि 1965 च्या बोनस कायद्यात ओव्हरटाइम धरला जात नसे. कर्मचारी राज्य विम्याच्या 1948 च्या कायद्याखाली मात्र वर्गणी ओटीवरही कापली जात असे, पण पात्रतेची वेतनमर्यादा पाहताना ती रक्कम मोजत नसत. जादा तास केले म्हणून कामगाराला विम्याबाहेर काढणारी मांडणी त्या कायद्याप्रमाणे चुकीची ठरत असे.