तारककाय आणि सूक्ष्मनलिकांचा उगम : पार्श्वभूमी

नाशिकच्या महाविद्यालयांत पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक कांद्यावर होते, आणि लासलगाव जवळ असताना ते दुसऱ्या कशावर होणार? मुळाचे टोक सौम्य आम्लात कोमट करून, अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबले, की गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे सरकताना टिपता येतात. मात्र प्राणिपेशीच्या आकृतीत ध्रुवांवर दाखवलेली तारककाये, म्हणजेच सेंट्रिओल, तेथे सापडत नाहीत. कांद्याच्या पेशीत ती नसतातच. मग प्राणिपेशीत त्यांचे काम नेमके काय, या प्रश्नाने अभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षे गुंतवून ठेवले.

ध्रुवांवरचे ठिपके फ्लेमिंग आणि व्हान बेनेडन यांनी १८७०च्या दशकात नोंदवले. थिओडोर बोव्हेरी यांनी १८८८ मध्ये या रचनेला, म्हणजे तारककायांची जोडी आणि तिच्याभोवतीचा थर यांना मिळून, सेंट्रोसोम हे नाव दिले आणि तिलाच विभाजनाचे सूत्रधार मानले. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तारककाय म्हणजे सुमारे ०.२ मायक्रोमीटर रुंदीचे नळकांडे असल्याचे दिसले. त्याच्या भिंतीत सहसा सूक्ष्मनलिकांची, म्हणजे प्रथिनांच्या अतिबारीक नळ्यांची, नऊ त्रिकुटे असतात आणि अशी दोन नळकांडी एकमेकांशी काटकोनात बसलेली असतात. ही रचना इतकी रेखीव होती, की पेशीतील सूक्ष्मनलिका तिच्यातूनच फुटत असणार असे वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात त्या नळकांड्याभोवतीच्या, चित्रात अस्पष्ट दिसणाऱ्या प्रथिनांच्या दाट थरातून निघतात, हे गूल्ड आणि बोरिसी यांनी १९७७ मध्ये दाखवले.

त्या थरातील कळीचे प्रथिन हाती लागले ते एका बुरशीत, जिच्यात तारककाय नसतेच. बेनोमिल या बुरशीनाशकाचे रूपांतर कार्बेन्डाझिममध्ये होते, आणि हे द्रव्य आपल्या द्राक्षबागायतदारांना चांगलेच परिचित आहे. ते बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिनला, म्हणजे सूक्ष्मनलिका ज्यांची बनते त्यांपैकी एका प्रथिनाला, चिकटून सूक्ष्मनलिकांची बांधणी रोखते. अ‍ॅस्परजिलस निड्युलान्स या बुरशीच्या बेनोमिलला दाद न देणाऱ्या एका वाणात बीटा-ट्युब्युलिनचे जनुक बदललेले होते. त्या बदलाचा परिणाम दडपणारी दुसरी उत्परिवर्तने तपासताना ओकली दांपत्याला १९८९ मध्ये गॅमा-ट्युब्युलिन सापडले. प्राणिपेशींत हेच प्रथिन इतर प्रथिनांसह कड्याच्या आकाराचे संकुल बनवते आणि नव्या सूक्ष्मनलिकेची सुरुवात त्या कड्यावर होते. हा थर आपल्याभोवती जमवून ठेवणे, एवढेच तारककायाचे या कामातील योगदान. तरी ते कमी लेखण्यासारखे नाही.

बोव्हेरींच्या सूत्रधाराला खरा धक्का पुढे बसला. २००० मध्ये लेसरने सेंट्रोसोम नष्ट केलेल्या पेशींनीही दोन ध्रुवांचे तर्कू, म्हणजे गुणसूत्रे ओढून वेगळी करणारे सूक्ष्मनलिकांचे सांगाडे, उभारले. २००६ मध्ये तर आईकडून अंड्यात आलेला साठा संपल्यावर तारककाये उरलीच नाहीत अशा फळमाश्या प्रौढावस्थेपर्यंत वाढल्या. परंतु संवेदी चेतापेशींतील पक्ष्माभिका (सिलिया, म्हणजे पेशीवरचे केसासारखे बारीक तंतू) तारककायाच्या पायावरच उभ्या राहतात; त्या नसल्याने या माश्यांना हालचालींचा ताळमेळ साधेना आणि कोशातून बाहेर पडल्यावर त्या लवकरच मेल्या.